पेल्याची पारख

एखाद्या राष्ट्राचा इतिहास लिहावयास बसलेला पंडित त्या राष्ट्राचे राजे मोजतो, लढाया मोजतो, कायदे मोजतो. परंतु तेथील सामान्य माणूस दिवसाचें काम संपवून घरीं परततांना वाटेंत काय पीत होता, आणि तें चांगलें कीं वाईट हें कोण ठरवीत होतें, या प्रश्नाकडे त्याचें लक्ष सहसा जात नाहीं. प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतो खरा. पण त्याच्या तळाशीं एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जी वस्तु लाखों लोक रोज विकत घेतात, तिच्या बरेवाईटपणाचा निर्णय करण्याचा अधिकार कोणाचा? राजाचा, विक्रेत्याचा, शास्त्रज्ञाचा, कीं ती वस्तु जिभेवर ठेवणाऱ्याचा? इंग्लंडमध्यें बिअर व सायडर या दोन पेयांच्या बाबतींत हा अधिकार गेल्या साडेसातशें वर्षांत अनेक हातांतून फिरला, आणि शेवटीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सामान्य गिऱ्हाइकानें तो मोठ्या चमत्कारिक रीतीनें परत मिळविला. त्या हकीकतीचा परामर्श घेण्याचा येथें विचार आहे.

आमच्या सुशिक्षित घरांत मद्याचें नांव निघालें कीं विषय बदलण्याची चाल आहे, आणि ती सर्वस्वी अनाठायीं आहे असें म्हणवत नाहीं. दारूपायीं उद्ध्वस्त झालेलें एक तरी घर ज्याच्या पाहण्यांत नाहीं असा मनुष्य विरळाच. मद्यपानाची भलावण करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. परंतु जी वस्तु आपण पीत नाहीं तिचा इतिहासही वाचूं नये, असा दंडक आपल्या पूर्वजांनीं घालून दिलेला नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सुराध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याला एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्यांत निरनिराळ्या मद्यांच्या कृति आहेत, किण्व तयार करण्याची रीत आहे, आणि उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगीं चार दिवस मद्य करण्याची मोकळीक द्यावी असा नियमही आहे. ज्या वस्तूवर राज्यकर्ता कर घेतो, पहारा ठेवतो आणि सणासुदीला सवलत देतो, ती वस्तु समाजशास्त्राच्या अभ्यासकाला वर्ज्य कशी असेल?

प्रथम बिअर म्हणजे काय तें पाहूं. आमच्याकडे लहान मुलांसाठीं नाचणीचें सत्त्व करतांना नाचणी भिजवून तिला मोड आणतात. कारण मोड आले म्हणजे धान्यांतील पिठूळ भाग गोडीकडे झुकूं लागतो. इंग्लंडांत हीच क्रिया जवावर करतात. मोड आलेला जव गरम हवेनें वाळवितात, भरडतात, आणि कढत पाण्यांत मुरूं देतात. जवांतील पिष्टाची साखर होऊन जो गोड काढा तयार होतो तो गाळून उकळतात, थंड करतात, आणि त्यांत किण्व, म्हणजे ज्याला यीस्ट म्हणतात तें, घालतात. हें किण्व सजीव असतें. तें साखर खातें आणि तिचें मद्यार्क व वायु यांत रूपांतर करितें. कडू हॉपचीं फुलें या काढ्यांत घालण्याची रीत इंग्लंडांत मागाहून आली. त्यापूर्वीं जें पेय होत असे त्याला एल म्हणत. तें गोडसर व दाट असे आणि थोड्याच दिवसांत आंबून जाई.

ही नासण्याची खोड या इतिहासाच्या मुळाशीं आहे. एल टिकत नसे, म्हणून ती दूरवर पाठवितां येत नसे. दूरवर पाठवितां येत नसे, म्हणून ती गांवोगांव, घरोघर केली जाई. आणि घरोघर केली जाई म्हणून तें काम बहुतांशीं बायकांचें होतें. स्वयंपाकाबरोबर एल गाळावी, घरापुरती ठेवावी, आणि उरलेली शेजाऱ्यापाजाऱ्यांस विकावी, असा क्रम असे. नवी एल तयार झाली म्हणजे दारावर एक काठी बाहेर काढीत, तिच्या टोंकाला झुडपाची जुडी बांधीत. ती खूण पाहून गिऱ्हाईक येई. पण गिऱ्हाइकाच्या आधीं दुसराच एक मनुष्य यावयाचा असे. तो म्हणजे गांवचा चाखणारा.

तिसऱ्या हेन्री राजाच्या कारकीर्दींत, १२६६-६७ च्या सुमारास, पाव व एल यांच्या किंमती धान्याच्या भावाशीं जखडून टाकणारा एक कायदा झाला. पोट भरणाऱ्या या दोन्ही वस्तूंत गरिबाची फसवणूक होऊं नये हा त्याचा उद्देश. त्याची अंमलबजावणी करण्यासाठीं गांवोगांव शपथ देऊन एल-चाखे नेमीत. त्यांना एल-कॉनर असेंही म्हणत. नवी एल विक्रीस काढण्यापूर्वीं ती चाखावयाची, माप बरोबर आहे कीं नाहीं पाहावयाचें, आणि दोष आढळल्यास करणाऱ्यावर ग्रामसभेच्या न्यायालयांत आरोप ठेवावयाचा, हें त्यांचें कर्तव्य. चामड्याची तुमान घालून बांकावर सांडलेल्या एलमध्यें हे चाखे बसत आणि तुमान बांकाला चिकटते कीं नाहीं यावरून परीक्षा करीत, अशी जी गोष्ट सांगतात ती आख्यायिकाच समजावी. जिभेचें काम त्यांनीं जिभेनेंच केलें. १५५६ सालीं स्ट्रॅटफर्ड गांवीं हें काम ज्यांच्याकडे आलें त्यांत जॉन शेक्सपीअर नांवाचा हातमोजे करणारा एक गृहस्थ होता. पुढें त्याला झालेल्या मुलाचें नांव विल्यम. जगांतील थोर नाटककाराच्या बापानें सार्वजनिक जीवनांत पहिलें पाऊल टाकलें तें शेजाऱ्यांची एल चाखण्यासाठीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. चाखणें हा त्या काळीं चैनीचा प्रकार नव्हता; तें नागरिकाचें एक सार्वजनिक कर्तव्य होतें.

हा अधिकार पुढें क्षीण कां झाला? त्याचें पहिलें कारण हॉप. पंधराव्या शतकांत फ्लँडर्सकडील लोकांबरोबर हॉप घातलेली बिअर इंग्लंडांत रुजली. हॉपचा कडूपणा नुसता चवीचा नव्हे. त्यानें पेय नासत नाहीं. टिकाऊ माल आला कीं सांठा येतो, सांठा आला कीं भांडवल येतें, आणि भांडवल आलें कीं घरची चूल मागें पडते. दोनतीन शतकांत बायकांच्या हातून हा धंदा निघून मोठ्या व्यापाऱ्यांच्या हातीं गेला. अठराव्या शतकांत लंडनमध्यें पोर्टर नांवाची काळसर बिअर हमालांपासून कारागिरांपर्यंत सर्वांच्या तोंडीं बसली, आणि ती करणाऱ्या कारखान्यांनीं घराएवढीं लांकडी पिंपें उभीं केलीं. १७ ऑक्टोबर १८१४ रोजीं सेंट जाइल्स भागांतील एका कारखान्यांत असें एक प्रचंड पिंप फुटून बिअरचा लोंढा गरिबांच्या वस्तींत शिरला व आठ माणसें प्राणास मुकलीं. जी वस्तु पूर्वीं घागरीनें मोजीत तिचा आतां पूर येऊं लागला होता!

या कारखानदारीचा आमच्या देशाशींही संबंध जडला. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो येथील हॉजसन याच्या कारखान्याची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून मुंबई, मद्रास व कलकत्ता या बंदरांत उतरे. भरपूर हॉप घातलेली ही फिकट बिअर उष्ण कटिबंधांतून सहा-सहा महिने प्रवास करूनही टिके, किंबहुना प्रवासानें सुधारे असें म्हणत. हॉजसननें ती नव्यानेंच शोधून काढली, अशी जी समजूत आहे ती बरोबर नाहीं. हॉप वाढवून बिअर टिकविण्याची युक्ति त्याच्या पूर्वींची. १८२० नंतर बर्टन गांवच्या ऑलसॉप, बास इत्यादि व्यापाऱ्यांनीं हा व्यापार त्याच्याकडून हिरावून घेतला, कारण बर्टनच्या विहिरींच्या पाण्यांत जिप्समचा अंश असून तें पाणी अशा बिअरला विशेष मानवे. इंडिया पेल एल हें तिचें नांव. तें पुढें मागें पडून विसाव्या शतकाच्या शेवटीं पुन्हां जगभर गाजलें. पण तो भाग पुढें येईल.

कारखान्यांत जिभेची जागा हळूहळू यंत्रांनीं घेतली. १७८४ सालीं जॉन रिचर्डसन यानें काढ्यांतील साखर मापणाऱ्या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हांपासून व्यापाऱ्याला हिशेब अंकांत मांडतां येऊं लागला. १८७१ सालीं लुई पाश्चर लंडनला व्हिटब्रेडच्या कारखान्यांत गेला आणि त्यानें तेथील किण्व सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरून तें दूषित झाल्याचें दाखवून दिलें. त्याचा बिअरवरील ग्रंथ १८७६ सालीं निघाला. बिअर कां नासते हें मनुष्यजातीला निश्चितपणें कळलें तें येथून. या ज्ञानाचें महत्त्व कमी लेखणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु एक गोष्ट खरी कीं, गांवच्या चाख्याला आतां कोणी विचारीनासें झालें. लंडन शहरांत एल-कॉनर निवडण्याची प्रथा चालू राहिली ती केवळ समारंभापुरती.

सायडरची कथा थोडी निराळी आहे. सफरचंदाचा रस आंबवून जें पेय होतें तें सायडर. तिला उकळणें नको, बाहेरचें पाणी नको. फळें चेंचावीं, रस पिळावा, पिंपांत भरावा, आणि हिंवाळाभर वाट पाहावी. मात्र त्यासाठीं जीं सफरचंदें लागतात तीं आपण बाजारांतून आणून खातों त्या जातीचीं नव्हत. त्यांपैकीं कित्येक इतकीं तुरट असतात कीं एक घांस घेतां तोंड वांकडें व्हावें. हेरफर्डशर, सॉमरसेट व डेव्हन या पश्चिमेकडील परगण्यांत अशा झाडांच्या बागा पिढ्यान्‌पिढ्या जोपासल्या गेल्या. गोड, आंबट, कडूगोड व कडूआंबट असे त्या फळांचे चार वर्ग करतात, आणि आमच्या षड्रसांच्या हिशेबाप्रमाणें त्यांचें मिश्रण साधणें हेंच सायडरवाल्याचें कसब. किंग्स्टन ब्लॅक, डॅबिनेट, फॉक्सव्हेल्प हीं त्या फळांचीं नांवें तेथील माणसें आपण हापूस-पायरीचीं घेतों तशा आपुलकीनें घेतात.

या बागांत १७६३ सालीं एक वादळ उठलें. सात वर्षांच्या युद्धानें सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. तेव्हां बूट याच्या मंत्रिमंडळानें सायडरवर दर हॉग्जहेड पिंपामागें चार शिलिंग कर बसविला. आणि तो वसूल करण्यासाठीं आबकारी अंमलदारांस लोकांच्या खाजगी घरांत शिरून पिंपें तपासण्याची मुभा दिली. कराच्या रकमेपेक्षां ही मुभाच लोकांना अधिक झोंबली. सायडरच्या परगण्यांत दंगे झाले, निषेधाचे अर्ज गेले, पार्लमेंटांत विल्यम पिट यानें गरिबाच्या झोंपडीच्या पावित्र्याचा कैवार घेतला, आणि १७६६ सालीं तो कायदा रद्द करावा लागला. मध्ययुगांतला चाख्या आणि अठराव्या शतकांतला आबकारी शिपाई, दोघेही सरकारच्याच नांवानें दारांत उभे राहात. पण पहिला येई तो पेय चांगलें आहे काय हें पाहण्यास. दुसरा येई तो पेय किती आहे हें पाहण्यास. राज्याच्या दृष्टींत गुणाची जागा संख्येनें घेतली, ती या एका फरकांत स्पष्ट दिसते.

गुणाकडे दुर्लक्ष झालें तर काय होतें हें त्याच काळांत डेव्हनमध्यें दिसून आलें. तेथील सायडर पिणाऱ्यांस पोटांत भयंकर मुरडा येई, हातपाय लुळे पडत. आंबट सायडरचा हा दोष असावा अशी समजूत होती. १७६७ सालीं डॉक्टर जॉर्ज बेकर यानें दाखवून दिलें कीं दोष फळांचा नसून शिशाचा आहे. डेव्हनमध्यें रस पिळण्याच्या घाण्यांत व टाक्यांत शिसें वापरीत, तें रसांत उतरे. फळ तेंच, हवा तीच. विष होतें तें भांड्यांत. सायडरचा आणखी एक अनर्थ मजुरांच्या वांट्याला आला. शेतमजुरीचा कांहीं भाग रोख न देतां सायडरच्या रूपानें देण्याची त्या भागांत जुनी चाल होती. १८८७ च्या कायद्यानें ती बंद केली. पेयाचा इतिहास गोड आठवणींचाच असतो असें नाहीं, हें विसरतां कामा नये.

आतां आपण विसाव्या शतकाच्या मध्याकडे येऊं. इंग्लंडांतील जुन्या पद्धतीची बिअर कारखान्यांतून निघते ती अपुरी निघते. पिंपांत तिच्याबरोबर जिवंत किण्व असतें, आणि पबच्या तळघरांत तिचें उरलेलें आंबवण पूर्ण होतें. तळघर साधारण अकरा ते तेरा अंश सेल्सिअस इतकें थंड ठेवावें लागतें. पिंपाला मऊ व कठीण लांकडाच्या खुंट्या आळीपाळीनें मारून वायु नेमका सोडावा लागतो. गाळ खालीं बसूं द्यावा लागतो. आणि तोंड उघडल्यावर तीनचार दिवसांत पिंप संपवावें लागतें, नाहीं तर बिअर आंबते. म्हणजे निम्मी कारागिरी कारखानदाराची व निम्मी पबवाल्याची. या कटकटींतून सुटण्यासाठीं मोठ्या कारखान्यांनीं केग नांवाची युक्ति काढली. बिअर गाळून किण्व काढून टाकावयाचें, तापवून निर्जंतुक करावयाचें, धातूच्या पिंपांत भरावयाचें, आणि वायूच्या दाबानें नळांतून सोडावयाचें. ती कधीं नासत नाहीं, सर्वत्र एकसारखी लागते, अनाडी नोकरालाही ती वाढतां येते. वजा जातो तो फक्त तिचा जीव.

याच सुमारास कारखान्यांची संख्या झपाट्यानें घटत होती. शतकाच्या आरंभीं जे कारखाने हजारोंनीं मोजीत ते १९७० च्या सुमारास दोनशेंहूनही कमी उरले. आणि सहा बड्या कंपन्यांच्या हातांत बहुतेक बाजार गेला. इंग्लंडांतील पुष्कळसे पब कारखान्यांच्याच मालकीचे असत, आणि अशा पबांत मालक पाठवील तीच बिअर विकावयाची असे. त्यामुळें गिऱ्हाइकाला निवड उरली नाहीं. कंपनीनें जाहिरातींत सांगावें कीं ही बिअर उत्तम आहे, आणि त्यानें ती मुकाट्यानें प्यावी. चाखण्याचा अधिकार राजाकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून यंत्राकडे आणि यंत्राकडून जाहिरातीकडे आला होता.

प्रतिकाराचा पहिला सूर १९६३ सालीं निघाला. लांकडी पिंपांतील बिअर जतन करण्यासाठीं कांहीं मंडळींनीं एक संस्था काढली; पण तिचें स्वरूप बरेचसें विनोदी मित्रमंडळाचें होतें. खरी चळवळ सुरू झाली ती १६ मार्च १९७१ रोजीं, आणि तीही इंग्लंडांत नव्हे, तर आयर्लंडच्या पश्चिम टोंकाला केरी परगण्यांतील डनक्विन या खेड्यांतल्या एका पबांत. मायकेल हार्डमन, ग्रॅहॅम लीझ, बिल मेलर व जिम मेकिन हे वायव्य इंग्लंडांतील चार तरुण सुटींत तेथें गेले होते. त्यांपैकीं बहुतेक वृत्तपत्रांच्या धंद्यांतले. आपल्या देशांतील बिअर बिघडली आहे या तक्रारीवरून गप्पा निघाल्या, आणि त्यांतून एल-पुनरुज्जीवनाची एक मोहीम काढण्याचें ठरलें. पाश्चर सूक्ष्मदर्शक घेऊन लंडनच्या कारखान्यांत गेला त्याला त्या वर्षीं बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं. शास्त्रानें किण्वांतला दोष दाखविला. या चौघांनीं किण्व नसण्यांतला दोष दाखविण्याचा विडा उचलला. १९७३ सालीं मोहिमेचें नांव बदलून ‘खऱ्या एलसाठीं चळवळ’ अशा अर्थाचें झालें, आणि आद्याक्षरांवरून ती कॅमरा या नांवानें प्रसिद्धीस आली.

या मंडळींचें शस्त्र एकच होतें: चाखावें आणि लिहावें. कोणत्या गांवीं कोणत्या पबांत जिवंत बिअर चांगली मिळते याची सूची करून तिचें त्यांनीं पुस्तक काढलें. त्याच्या १९७४ च्या आवृत्तींत वॉटनी या बड्या कंपनीच्या बिअरला महामारीसारखी टाळावी असा शेरा मारला होता. छापल्यावर तो धोक्याचा वाटून, सौम्य शब्द घालून पुस्तक पुन्हां छापावें लागलें. सौम्य केलेल्या शेऱ्याचाही अर्थ वाचकांना पुरेसा समजला. मध्ययुगांतला एल-चाख्या येथें पुन्हां जन्माला आला; फरक एवढाच कीं आतां त्याला शपथ देणारा राजा नव्हता, दंड करण्याचा अधिकार नव्हता. त्याच्या हातीं होती ती लेखणी आणि गिऱ्हाइकाचें पाठबळ.

पुढची पायरी मेळ्याची. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील फळाफुलांचा जुना बाजार १९७४ सालीं दुसरीकडे हलला होता. त्या रिकाम्या इमारतींत सप्टेंबर १९७५ मध्यें चळवळीनें बिअरचें एक प्रदर्शन भरविलें. त्याला सुमारें चाळीस हजार लोक लोटले. १९७७ सालीं अलेक्झांड्रा पॅलेसमध्यें ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल या नांवानें पहिला मेळा भरला. १९८० सालीं त्या इमारतीला आग लागली, तेव्हां शेजारीं तंबू ठोकून मेळा पार पाडला. पुढें तो अनेक शहरांतून व मंडपांतून फिरला. २०२५ सालीं तो बर्मिंगहॅमला भरला होता. वाढणारे लोक बहुतेक सारे चळवळीचे बिनपगारी सभासद. बिअरबरोबर सायडर आणि नासपतीची पेरीही तेथें मांडलेली असते. पेल्यावर तिसऱ्या हिश्श्याच्या व अर्ध्याच्या रेघा आंखलेल्या असतात. आधीं पेला उजेडाकडे धरून रंग पाहावयाचा, मग हुंगावयाचें, मग एक घोट जिभेवर फिरवावयाचा. द्राक्षाच्या मद्याचे परीक्षक घोट पुष्कळदां थुंकून टाकतात. पण बिअरचा कडूपणा घशाकडे उतरतांनाच पुरता कळतो, म्हणून ती गिळल्यावांचून निर्णय होत नाहीं. यासाठींच माप लहान हवें. पाव शेरभरही नाहीं अशा घोटांत माणूस चवीचा न्यायाधीश असतो. दोन-तीन मोठे पेले रिचविल्यावर तो केवळ वादी किंवा प्रतिवादी उरतो.

चव घेणें एक आणि चव सांगणें दुसरें. येथें मायकेल जॅक्सन या यॉर्कशरच्या पत्रकाराचे उपकार मोठे आहेत. नामसादृश्यानें वाचकांनीं गोंधळूं नये, हा गायक नव्हे. १९७७ सालीं त्यानें जगांतील बिअरींचा एक कोश प्रसिद्ध केला आणि देशोदेशींच्या बिअरींचे घराणेवार वर्ग पाडले. गाण्यांतील घराण्यांना नांवें मिळालीं म्हणजे श्रोता जसा बारकाईनें ऐकूं लागतो, तसेंच येथें झालें. ज्याला नांव नाहीं त्याची मागणीही करतां येत नाहीं. अमेरिकेंत १९७८ सालीं घरीं बिअर करण्यावरील बंदी मध्यवर्ती कायद्यानें उठली. इंग्लंडचा मेळा पाहून गेलेल्या चार्ली पपेझियन यानें १९८२ सालीं कोलोराडोंतील बोल्डर गांवीं तसाच मेळा भरविला. तेथील तरुणांनीं जॅक्सनच्या कोशांत ज्या विलायती बिअरींचीं वर्णनें वाचलीं त्या आपल्याकडील सुगंधी हॉप घालून पुन्हां करून पाहिल्या. आणि मुंबईच्या वाटेनें एके काळीं गेलेली इंडिया पेल एल, मोसंबीच्या सालीचा वास घेऊन, अमेरिकेच्या वाटेनें इंग्लंडला परत आली.

कायद्यानेंही थोडा हात दिला. १९८९ सालीं सरकारनें दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या कारखान्यांस जादा पबांपैकीं निम्मे मोकळे करण्याचा हुकूम केला. हेतु चांगला होता; पण ते पब बहुतांशीं नव्या जमीनदार कंपन्यांनीं खरेदी केले आणि कुळाचा मालक तेवढा बदलला. २००२ सालीं मात्र वर्षाला पांच हजार हेक्टोलिटरपर्यंत, म्हणजे पांच लाख लिटरपर्यंत, बिअर करणाऱ्यांस निम्मी जकात माफ झाली, आणि त्यानंतर लहान कारखाने शेंकडोंनीं निघाले. दशकभरांत त्यांची संख्या हजारावर गेली.

परंतु विजयानंतरच चळवळीची खरी परीक्षा लागते. नव्या पिढीच्या या कारागिरांनीं आपली उत्तम बिअर खुशाल धातूच्या केगांत भरण्यास आरंभ केला. ज्या भांड्याविरुद्ध बंड झालें त्याच भांड्यांत आतां चांगली वस्तु येऊं लागली! मग निषिद्ध काय, भांडें कीं आंतली वस्तु? डेव्हनच्या सायडरमध्यें विष होतें तें भांड्यांत. येथें भांडें निर्दोष ठरण्याची वेळ आली. २०१८ सालीं कॅमरानें सर्व प्रकारच्या चांगल्या बिअरींचा कैवार घ्यावा असा ठराव सभासदांपुढें आला, तेव्हां बहुमत मिळालें. पण घटनेप्रमाणें लागणारें तीनचतुर्थांश मत थोडक्यांत हुकलें. सोंवळ्याची बाजू जिंकली नाहीं, आणि हरलीही नाहीं. इकडे २०१५ सालीं मीनटाइम व कॅमडन टाउन हे लंडनचे गाजलेले नवे कारखाने बलाढ्य बहुराष्ट्रीय कंपन्यांनीं विकत घेतले. पीटर ऑस्टिन यानें १९७८ सालीं स्थापिलेला रिंगवुडचा कारखाना या लहान कारखान्यांचा आदिपुरुष मानला जातो. तोही मोठ्या कंपनीच्या हातीं गेला आणि २०२४ च्या आरंभीं बंद पडला. गुणाचा अधिकार एकदां मिळविला म्हणजे कायमचा पदरांत पडला असें होत नाहीं. तो दर पिढीला पुन्हां मिळवावा लागतो.

या साऱ्याचा आपल्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. वरवरचा संबंध गंमतीचा आहे. नाशिकजवळच्या देवळाली छावणींत विलायतेस परत जाण्याची वाट पाहात महिनेन्‌महिने कुजणाऱ्या गोऱ्या शिपायांचीं डोकीं फिरत. त्यावरून इंग्रजींत डूलाली हा वेडेपणाचा शब्द रूढ झाला. २००९ सालीं पुण्यास जागच्या जागीं बिअर गाळणारें जें गृह निघालें त्यानें हेंच नांव धारण केलें. परंतु खोल संबंध निराळा आहे. ज्या मुंबई सरकारनें १८७८ चा आबकारी कायदा केला, त्यानेंच १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध घातला. त्या भागांतील आदिवासी व शेतकरी ज्या फुलांची दारू गाळीत, तीं घरीं ठेवणेंही गुन्ह्यांत मोडूं लागलें. आणि सरकारमान्य कारखान्यांतील दारूला मोकळें रान मिळालें. इंग्लंडच्या सायडरवाल्यांनीं तीन वर्षांत जो कायदा मोडून काढला त्याच जातीचा कायदा येथें पिढ्यान्‌पिढ्या चालला, कारण येथल्या झोंपडीचा कैवार घेणारा पिट पार्लमेंटांत नव्हता. गोव्यांत २००९ सालीं काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां निदान एका देशी पेयाच्या गुणाला कागदोपत्रीं नांव लाभलें.

दारूबंदी योग्य कीं अयोग्य हा वाद येथें नको. त्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि तीमागें मोठीं दुःखें आहेत. बंदीच्या बाजूनें बोलणाऱ्यानेंही एक भेद मात्र मनाशीं नीट ठेवावा. चाखणें आणि झोंकणें या दोन क्रिया एकमेकींच्या बहिणी नव्हत, वैरिणी आहेत. ज्याची जीभ जागी आहे तो थांबतो. जो चव विसरला तोच पेल्यामागून पेला ओततो. आणि ही गोष्ट पेयापुरतीच नाहीं. दूध, तूप, तांदूळ, भाजी, किंबहुना रोज वाचावयाचें वर्तमानपत्र, या साऱ्या वस्तूंच्या दारांत पूर्वीं कोणी ना कोणी चाख्या उभा असे. आतां तेथें बहुधा जाहिरातीची पाटी उभी असते. केरीच्या किनाऱ्यावरील चार तरुणांनीं जें केलें तें फार मोठें नव्हतें. समोर आलेली वस्तु त्यांनीं चाखली, ती बरी नाहीं असें वाटलें, आणि तसें मोठ्यानें म्हणण्याचा संकोच त्यांनीं केला नाहीं. स्ट्रॅटफर्डच्या त्या हातमोजेवाल्याकडून त्याच्या गांवानेंही एवढ्याचीच अपेक्षा केली होती.